एका कुळाचा कुलवृत्तान्त

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत स्ट्रेड नावाचे खेडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मार्टिन डेव्हिट आणि त्याची बायको कॅथरीन तिथे खंडाने घेतलेली थोडीशी जमीन कसत होती. दोघे कॅथलिक, घरातली बोली आयरिश. त्यांच्या पाच मुलांपैकी तिसरा मायकेल 25 मार्च 1846 रोजी जन्मला. आदल्याच वर्षी आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला होता आणि मेयोतली गरीब कुळे जवळपास बटाट्यावरच जगत होती.

कूळ कॅथलिक आणि जमीनदार बहुधा प्रॉटेस्टंट, ही विभागणी कायद्याने घडवलेली होती. 1704 च्या कायद्याने कॅथलिकाला जमीन विकत घेण्याची बंदी झाली आणि 31 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टाही त्याला मिळेनासा झाला. ज्या थोड्या कॅथलिकांकडे स्वतःची जमीन उरली होती, ती बाप मेल्यावर सगळ्या मुलांत तुकडे होऊन वाटली जाई. थोरला मुलगा प्रॉटेस्टंट झाला, तर मात्र ती अखंड त्याच्याकडे जाई. भावाला भावाविरुद्ध उभे करणारी याहून पद्धतशीर तरतूद सापडणे अवघड. 1778 आणि 1782 मध्ये हे निर्बंध सैल झाले, पण तोवर जमीन हातची गेली होती. मार्टिनच्या पिढीतले छोटे कूळ मालकाच्या मर्जीवर राहत असे. त्याच्याकडे ना लेखी पट्टा, ना मुदतीची हमी. त्याने बांध घातला, घर बांधले, खडकाळ रान लागवडीखाली आणले, तर त्याची भरपाई नव्हती. उलट जमीन सुधारली म्हणून खंड वाढण्याचीच भीती.

डेव्हिट कुटुंबाचे घर कशाने मोडले, हे समजायला त्या काळच्या गरीब-कराची रचना बघावी लागते. दुष्काळग्रस्तांना पोसण्याचा खर्च त्या त्या भागातल्या जमिनीवर कर बसवून काढला जात असे. ज्या शेताचे कराचे मूल्यांकन 4 पौंड किंवा त्याहून कमी, त्याचा कर कुळाने न भरता जमीनदाराने भरायचा, असा नियम 1843 पासून होता. गरिबाला दिलासा देणारा नियम वाटतो. मेयोतली बहुसंख्य शेते या मर्यादेच्या आतली होती. दुष्काळात कर चढत गेला, खंड येईनासा झाला, आणि लहान कूळ जमिनीवर ठेवणे मालकाला तोट्याचे ठरू लागले. कूळ काढून झोपडे पाडले की कर वाचे आणि मोकळ्या रानावर गुरे चारता येत. मग 1847 मध्ये दुसरे कलम आले. ज्याच्या ताब्यात पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून जास्त जमीन आहे, त्याला सरकारी मदत मिळणार नाही. उपाशी कुळापुढे दोनच वाटा राहिल्या, जमीन सोडून अन्न घ्यायचे किंवा जमीन धरून मरायचे. एक नियम मालकाला कूळ काढायला लावत होता आणि दुसरा कुळाला स्वतःहून निघायला. कागदावर दोन्हींचा हेतू खर्चाला शिस्त लावण्याचा होता. त्यांनी गावेच्या गावे ओस पाडली. मेयोची लोकसंख्या 1841 मध्ये सुमारे 3 लाख 89 हजार होती, ती 1851 मध्ये सुमारे 2 लाख 74 हजारांवर आली.

मार्टिनचा खंड थकला आणि 1850 मध्ये कुटुंबाला घराबाहेर काढण्यात आले. ते स्विनफर्डच्या वर्कहाउसमध्ये गेले. निराधारांच्या या सरकारी आश्रयस्थानात शिरताना कुटुंबाची वाटणी होई. पुरुष, बायका आणि मुले वेगवेगळ्या भागांत. तीन वर्षांवरच्या मुलाला आईपासून वेगळे ठेवण्याचा नियम होता आणि मायकेल चार वर्षांचा होता. कॅथरीनने ते मान्य केले नाही. ती मुलांना घेऊन बाहेर पडली. त्या वर्षी त्या दारातून बाहेर पडणे म्हणजे उपासमारीकडे चालत जाणे होते, आणि तरीही तिने ते केले. या घराच्या इतिहासात याहून धीराचा निर्णय दुसरा नाही. पुढे कुटुंब समुद्र ओलांडून लिव्हरपूलला उतरले आणि लँकेशायरमधल्या हॅस्लिंग्डन या गिरणगावात स्थिरावले. मेयोतून निघालेली आणखीही घरे तिथे होती.

मायकेल नवव्या वर्षी सूतगिरणीत लागला. 8 मे 1857 रोजी, अकराव्या वर्षी, त्याचा उजवा हात यंत्राच्या दातेरी चाकात सापडला आणि कापावा लागला. भरपाई काही मिळाली नाही. गिरणीचे काम सुटल्यामुळेच तो शाळेत जाऊ शकला. शाळा मेथडिस्ट पंथाची होती, आणि या कॅथलिक मुलाला परक्या पंथाबद्दल कधी कडवटपणा वाटला नाही, त्याचे मूळ तिथे असावे. पंधराव्या वर्षी तो गावच्या पोस्टात आणि त्याला जोडलेल्या छापखान्यात कामाला लागला. कुटुंबातले इतर जण पुढे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन या कोळसा-खाणींच्या शहरात गेले. मार्टिन 1871 मध्ये तिथेच वारला. त्या वेळी मुलगा तुरुंगात होता.

1865 मध्ये मायकेल सशस्त्र क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेत सामील झाला होता. 1870 मध्ये शस्त्रे पुरवण्याच्या आरोपावरून त्याला 15 वर्षांची सक्तमजुरी झाली. एका हाताच्या या कैद्याकडून डार्टमूरमध्ये दगड फोडून घेतले गेले. डिसेंबर 1877 मध्ये सुटला तेव्हा त्याचे लक्ष जमिनीच्या प्रश्नाकडे वळत होते. 20 एप्रिल 1879 रोजी मेयोतल्या आयरिशटाउन इथे कुळांची मोठी सभा भरली. ज्या इस्टेटीवरच्या खंडाविरुद्ध ती होती, तिचा कारभार एका कॅथलिक धर्मगुरूकडे होता. म्हणजे धर्म एक असला की जमीनदारी सौम्य होते, हा भ्रम चळवळीच्या पहिल्याच सभेत गळून पडला. तिथला खंड शेकडा 25 उतरला. ऑक्टोबरमध्ये डब्लिनला लँड लीग स्थापन झाली. चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल अध्यक्ष, डेव्हिट एक चिटणीस. 1880 च्या सुरुवातीला स्ट्रेडला सभा झाली, तेव्हा व्यासपीठ डेव्हिटांच्या मोडलेल्या घराच्या जागेवर बांधले होते.

1881 च्या कायद्याने कुळाला वाजवी खंड, वहिवाटीची हमी आणि आपला हक्क विकण्याची मुभा दिली. 1903 च्या विंडहॅम कायद्याने सरकारी कर्जावर जमीन विकत घेण्याचा मार्ग खुला झाला. शेकडा सव्वातीन दराचे हप्ते साडेअडुसष्ट वर्षे फेडायचे. 1870 मध्ये शेकडा 3 शेतकरी आपल्या जमिनीचे मालक होते. 1916 पर्यंत हे प्रमाण जवळपास दोन-तृतीयांशावर गेले.

मायकेल या तोडग्यावर समाधानी नव्हता. जमीन राष्ट्राची व्हावी असे त्याचे मत होते, आणि मालकांना दिली जाणारी किंमत त्याला फार जास्त वाटत होती. सहकारी त्याच्यामागे गेले नाहीत. कसणाऱ्याला स्वतःच्या नावाची जमीन हवी होती, आणि ती ओढ कोणत्याही सिद्धान्ताहून बलवान होती. पण त्याची शंका खोटी ठरली नाही. मालकी मिळाली ती त्या दिवशी जमिनीवर असलेल्या कुळाला. शेतमजूर बाहेर राहिला. 1850 मध्ये निघालेल्यांना काहीच मिळाले नाही. 1907 चा बेदखल कुळांचा कायदा आला तो चळवळीच्या काळात जमीन गमावलेल्यांसाठी. पश्चिमेत मालक झालेल्याचेही शेत संसाराला पुरत नव्हते, आणि शेजारची मोठी कुरणे गुरे पोसणाऱ्यांकडेच राहिली.

कुळाच्या मुलांचा प्रश्न तर उलट घट्ट झाला. दुष्काळापूर्वी बाप शेताचे तुकडे करून मुलांना देत असे. दुष्काळानंतर ते जवळपास थांबले. शेत एका मुलाला, हुंडा बहुधा एका मुलीला, आणि उरलेल्यांना अमेरिकेचे किंवा इंग्लंडचे तिकीट. त्या एका मुलाचेही लग्न बापाने शेत सोडेपर्यंत लांबत जाई. जमीनदार गेला तरी मेयोतून जहाजे भरून जातच राहिली, आणि आता मुलांना घराबाहेर पाठवण्याचा निर्णय घरातच होत असे.

मायकेल 30 मे 1906 रोजी डब्लिनमध्ये वारला. दात काढल्यानंतर रक्तात विष पसरले होते. त्याला स्ट्रेडला पुरले. 1886 मध्ये मेरी योर हिच्याशी झालेल्या लग्नापासून त्याला पाच मुले होती. थोरली कॅथलीन सातव्या वर्षीच वारली होती. मुलगा काहिर 1951 ते 1966 आयर्लंडच्या उच्च न्यायालयाचा अध्यक्ष होता. दुसरा मुलगा रॉबर्ट एमेट 1933 ते 1937 मीथचा प्रतिनिधी म्हणून संसदेत बसला. त्याच काळात स्वतंत्र झालेल्या आयर्लंडच्या डी व्हॅलेरा सरकारने जमीन-खरेदीच्या कर्जाचे हप्ते लंडनला पाठवणे थांबवले होते, ब्रिटनने आयरिश गुरांवर जकात बसवली होती, आणि 1933 च्या कायद्याने शेतकऱ्यांचे हप्ते निम्म्यावर आणले गेले. हा वाद 1938 मध्ये आयर्लंडने एकरकमी 1 कोटी पौंड देऊन मिटवला. शेतकऱ्यांचे उरलेले निम्मे हप्ते मात्र स्वतःच्या सरकारकडे पुढेही चालू राहिले.