गुडघा आधी सरळ हवा

गुडघ्याचा सांधा बदलल्यावर भेटायला येणारा जो तो एकच विचारतो, "किती वाकतो?" आईला व्यायाम द्यायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडम मात्र आधी पाहत, गुडघा सरळ किती होतोय.

मावशीने मायेने गुडघ्याखाली उशी दिली होती. मॅडमनी ती काढली आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. "काकू, आता गुडघा गादीकडे दाबा, पाच मोजेपर्यंत धरा." आईने दात आवळले, पण मांडी ढिम्म. मॅडमनी वाटीच्या जरा वर, मांडीच्या आतल्या अंगाला दोन बोटं ठेवली. "इथे घट्ट झालं पाहिजे." बऱ्याच वेळाने त्या बोटांखाली स्नायू किंचित थरथरला. "आला!" मॅडम म्हणाल्या. मीही हात लावून पाहिला.

सांध्याला सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूचा हुकूम नीट पोचत नाही. तो जागा झाला नाही तर चालताना गुडघा दगा देतो. त्यात उशीवर पाय टाकून पडून राहिलं की मागची बाजू आखडते. पाच-दहा अंशांत अडकलेला गुडघा नुसतं उभं राहतानाही स्नायूला दमवतो. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा होत्या, उशीबद्दल एक अक्षर नव्हतं. ते असायलाच हवं होतं. घरोघरी ही उशी प्रेमाने दिली जाते.

वाकवणंही टळत नाहीच. सपाटीवर चालायला साधारण ६५-७० अंश पुरतात, जिना चढायला ८०-८५, खुर्चीतून उठायला नव्वदीच्या पुढे. आई गादीवरून टाच मागे ओढायची, मॅडम गोनिओमीटर लावून कोन वहीत लिहायच्या. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी, नंतर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. इथे कंटाळा परवडत नाही, कारण आत जखमेचे तंतू घट्ट होत जातात. फारच आखडलं तर भूल देऊन गुडघा वाकवावा लागतो.

वॉकर सुटून काठी आल्यावर जिना. चढताना चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा, मग काठी. उतरताना काठी, ऑपरेशनचा पाय आणि शेवटी चांगला. कठड्याला धरून आई हे मोठ्याने म्हणत उतरायची, आणि मॅडम एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून.