हिरडी दुखत नाही म्हणून

दात वयामुळे पडत नाहीत

पन्नाशीला दात हलू लागायचे आणि साठीला कवळी बसायची, हे आपल्याकडे केस पिकण्याइतकेच स्वाभाविक मानले जाते. तसे ते नाही. दात जबड्याच्या हाडात रोवलेला असतो; ते हाड झिजले की दात हलतो. आणि हाड झिजवणारा आजार सुरू होतो तो दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे साठणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरापासून. हा थर मऊ असेपर्यंत ब्रशने निघतो. राहिला तर लाळेतले क्षार बसून त्याचे टणक कीटण होते, आणि मग तो घरी निघत नाही.

हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञाने हे दोन अभ्यासांतून दाखवले. डेन्मार्कमधल्या आरहूस इथे त्याने निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण थांबवायला सांगितले. १९६५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या आणि दात पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरडीची पहिली सूज पूर्णपणे परतवता येते.

दुसरा अभ्यास श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरचा. १९७० पासून १५ वर्षे लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ४८० मजुरांचे दात पाहिले. या माणसांना टूथब्रश माहीत नव्हता, दंतवैद्य मिळत नव्हता. त्यांच्या दातांना कीड जवळजवळ नव्हती. तरीही दात गेले, आणि गेले ते हिरड्यांच्या आजाराने. सुमारे ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत तो सुजेच्या पुढे गेलाच नाही. सगळ्यांच्या तोंडात थर आणि कीटण सारखेच होते, तरी शरीराचा प्रतिसाद वेगवेगळा होता. हा प्रतिसाद काही अंशी घराण्यातून येतो, म्हणून ज्यांच्या आईवडिलांचे दात लवकर हलले, त्यांनी तिशीपासूनच तपासणी सुरू करावी. ‘आमचे आजोबा कधी दात घासत नव्हते आणि नव्वदीत ऊस खात होते’ असे सांगणारे त्या ११ टक्क्यांमधल्या कुणाची तरी गोष्ट सांगत असतात. तिच्यावर विसंबून आपण बसू नये.

रक्त आले की ब्रश थांबवू नका

हिरडीचा आजार दुखत नाही, हीच त्यातली खरी अडचण आहे. दाढ ठणकली की माणूस रात्रीत दवाखाना शोधतो. हिरडीतून रक्त आले तर ब्रश कडक असेल म्हणून सोडून देतो. बरेच जण तर रक्त येते म्हणून तिथे घासणेच बंद करतात. मग तिथला थर वाढतो, सूज वाढते आणि रक्त आणखी येते. करायचे ते नेमके उलटे: मऊ ब्रशने तीच जागा रोज, हळुवार पण नीट घासायची. एक-दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर दंतवैद्याकडे जायचे.

ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा, साधारण ४५ अंशांत टेकवून छोट्या हालचालींनी फिरवावा. आडवे रेटून घासल्याने हिरडी खाली सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. दोन दातांच्या मधली जागा मात्र कुठल्याच ब्रशला साधत नाही. तिथे दोरा म्हणजे फ्लॉस, किंवा फटी मोठ्या असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश दिवसातून एकदा फिरवावा. टाचणी, काडेपेटीची काडी, सेफ्टी पिन यांनी दात कोरणे आज थांबवा. त्यांनी हिरडी फाटते.

सिगारेट-विडी ओढणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तंबाखूमुळे हिरडीतून रक्त कमी येते. आत हाड झिजत असते आणि बाहेर धोक्याची खूण दिसतच नाही. अशांनी रक्ताची वाट न पाहता तपासून घ्यावे.

किती गोड, यापेक्षा किती वेळा

कीड लागण्याची क्रिया साधी आहे. तोंडातले जिवाणू साखर पचवून आम्ल तयार करतात. आम्लता वाढून पीएच ५.५च्या खाली गेला की दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातले खनिज विरघळू लागते. लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते, खनिज परत बसवते. पण त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. दर तासाला काही गोड तोंडात गेले, तर लाळेला ही संधी मिळत नाही.

म्हणून सणाला जेवताना श्रीखंड-पुरी खाणाऱ्यापेक्षा ऑफिसात दिवसभर गोड चहाचे घोट घेणाऱ्याच्या दातांना जास्त धोका असतो. चहासोबत बुडवलेले बिस्कीट दाढेच्या खाचांत चिकटून बसते, जेवणानंतरची साखर लावलेली बडीशेप आणि खोकल्यासाठी चघळायची गोड गोळी यांचेही तसेच. गूळ आणि मध दातांना साखरेसारखेच. गुळाच्या चहाला आज आरोग्याचे जे वलय मिळाले आहे, त्यात दातांच्या वाट्याला काही येत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या ऊर्जेतला साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. मोठ्या माणसासाठी तो साधारण ५० आणि २५ ग्रॅम होतो. गोड खायचेच तर जेवणात खा. मधल्या वेळी शेंगदाणे, फुटाणे, ताक, साधे पाणी.

लिंबू सरबत किंवा कोकम सरबतात आम्ल असतेच, म्हणून ते प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये. चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे.

रात्रीचा ब्रश

आपल्या सवयीत दात घासणे सकाळचे. पण झोपेत लाळ फार कमी होते, आणि रात्रीच्या जेवणाचे कण दातांत ठेवून झोपलो तर संरक्षण नसलेले सात-आठ तास आपण जिवाणूंना देतो. दोनपैकी एकच वेळ निवडायची झाली तर मी रात्रीची निवडेन.

पेस्ट फ्लोराइड असलेली हवी. फ्लोराइड विरघळू लागलेल्या कवचात खनिज परत बसायला मदत करते, आणि तयार होणारे खनिज आम्लाला जास्त टिकते. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण भरपूर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत. मग फ्लोराइड दातांवर राहते. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत विंधनविहिरींच्या पाण्यात जादा फ्लोराइड असल्याने या शब्दाचीच भीती बसली आहे. ती भीती पाण्याबाबत रास्त आहे, ते पाणी तपासूनच प्यावे. पण पेस्ट आपण गिळत नाही, आणि मोठ्या माणसाच्या दातांवर तिच्यामुळे डाग पडत नाहीत.

कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून वापरली तर थर काही प्रमाणात निघतो. मात्र तिच्यात फ्लोराइड नसते आणि दातांच्या आतल्या बाजूला ती सहज पोहोचत नाही. राखुंडी, कोळशाची पूड, मीठ यांनी दात पांढरे वाटतात ते कवच घासले गेल्याने. गेलेले कवच परत येत नाही.

मिशरी

महाराष्ट्राच्या खेड्यांत हजारो बायका दिवसातून अनेकदा मिशरी लावतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली तिचे व्यसन लागते, बोट हिरडीवर फिरत राहते, हिरडी खाली सरकते आणि तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कुठला कायदा आडवा येणार? ‘मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असे बाई सांगते तेव्हा ती निकोटिनच्या सवयीबद्दलच बोलत असते. तिला रागावून उपयोग नाही. व्यसन सोडवायला मदत लागते, ती मिळवून द्यावी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड उघडायला अडचण यांपैकी काही दिसले तर मात्र एक दिवसही थांबू नये.

मधुमेह, गोळ्या आणि कोरडे तोंड

मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. रक्तातली साखर वाढलेली असली की हिरडीचा संसर्ग बळावतो, आणि संसर्ग असला की साखर आटोक्यात येत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केले की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा आकडा सरासरी सुमारे ०.४ने खाली येतो, असे दिसले आहे. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचे पाय तपासतात तशा हिरड्याही तपासल्या पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते.

रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरच्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते. उतारवयात हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडलेले असते, आणि मुळावर ते कठीण कवच नसते. त्यामुळे तोंड कोरडे असलेल्या वृद्धांना मुळांशी झपाट्याने कीड लागते. घोट घोट पाणी प्यावे, बिनसाखरेचे च्युइंगगम चघळावे. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. तेव्हा उपचार टाळू नयेत, मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे.

साफसफाईची भीती

‘मशीनने दात साफ केले की दात ढिले होतात’ ही समजूत सुशिक्षितांतही आहे. खरे असे की दातांमधल्या फटीत कीटण भरलेले असते आणि हिरडी सुजून वर आलेली असते. कीटण निघाले, सूज उतरली, की झाकलेली फट उघडी दिसते. काही दिवस थंड लागते, मग ते कमी होते. दात ढिला आधीच झालेला असतो.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे काम प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात होते. दाढ दुखताना लवंगेचे तेल तात्पुरता आराम देते, बरे काही करत नाही. आणि दुखऱ्या दाढेशी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवली तर तिथली हिरडी भाजते. तपासणीला गेल्यावर ‘कीड आहे का’ एवढेच विचारून परतू नका. हिरडी आणि दात यांमधल्या फटीची खोली मोजायला सांगा. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर असते. ४ किंवा त्याहून जास्त निघाली तर पुढची तपासणी कधी, ते तिथेच ठरवून या.