नदीकाठी स्पीकर का जळतो?

टिटवाळा आणि वाशिंद यांच्या मधल्या खडवलीला लोक येतात ते भातसा नदीसाठी. रेल्वेने येणारे पुष्कळ, पण सुट्टीच्या दिवशी कल्याण-डोंबिवलीकडून गाडी काढून येणारेही कमी नसतात. गाडी काठाशी लावायची, इंजिन बंद करायचं, चारी दारं आणि डिकी उघडायची आणि पाण्यात उतरलेल्यांनाही ऐकू जातील अशी गाणी लावायची. संध्याकाळी परतताना एखादा स्पीकर घरघरतो किंवा मुकाच होतो, आणि खापर फुटतं ते ‘डुप्लिकेट माला’वर. बऱ्याचदा माल चांगला असतो, चूक असते अॅम्प्लिफायरवरच्या ‘गेन’ नावाच्या छोट्या स्क्रूत. आणि दुकानात, बंद गाडीत अगदी बरोबर लावलेला गेनसुद्धा नदीकाठी चुकीचा ठरू शकतो.

गेन हे आवाज वाढवायचं बटण नव्हे. काही डेक (गाडीतले म्युझिक प्लेअर) अॅम्पला 2 व्होल्टचा सिग्नल देतात, काही 4 व्होल्टचा. किती व्होल्ट आले की अॅम्पने पूर्ण ताकद लावायची, एवढंच गेन ठरवतो. तो पिळल्याने वॅट वाढत नाहीत, तेच वॅट व्हॉल्यूमच्या अलीकडच्या आकड्यावर मिळतात. त्यापुढे व्हॉल्यूम वाढवला तर अॅम्पकडे द्यायला व्होल्टच उरत नाहीत आणि ध्वनिलाटेचा माथा सपाट कापला जातो. हेच क्लिपिंग. पूर्ण सपाट होऊन चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती स्पीकरमध्ये ओतते. डेकच्या खोक्यावर छापलेलं ‘50 वॅट गुणिले 4’ हेही या चौकोनी लाटेचंच गणित आहे: 14.4 व्होल्टचा वर्ग, भागिले 4 ओहम, म्हणजे सुमारे 52. स्वच्छ लाटेला त्याच्या निम्मे, 26 वॅट, आणि प्रत्यक्षात 20च्या आसपास. ही आकड्यांची फुगवाफुगवी थांबावी म्हणून अमेरिकेत सीईए-2006 हे मानक आलं. त्यात 14.4 व्होल्ट, 4 ओहम आणि 1 टक्का विकृती या अटींवरच वॅट मोजतात. खोक्यावर त्याचा उल्लेख असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

राइस आणि केलॉग यांनी 1925 साली मांडलेली स्पीकरची रचना आजही मुळात तीच आहे: चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल, तिला चिकटवलेला कोन. या यंत्रात शिरलेल्या विजेतली जेमतेम 1 टक्का ध्वनी होते, बाकीची कॉइल तापवते. म्हणून स्पीकरचं आयुष्य क्षणिक धडाक्यापेक्षा सरासरी वॅटवर अवलंबून असतं. मोकळ्या ढंगाचं गाणं 100 वॅटच्या अॅम्पवर क्लिपिंगच्या काठापर्यंत वाजवलं तरी सरासरी 10 वॅटच्या आसपास राहते, कारण मोठे ठोके थोडे आणि मधल्या जागा फार. गेन अतोनात पिळला की ठोके तिथेच अडतात, मधल्या जागा मात्र फुगत जातात आणि सरासरी 100 वॅटकडे सरकते. त्यात तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे 0.39 टक्के वाढतो. कॉइल 20 अंशांवरून 200 अंशांवर गेली की तो 70 टक्क्यांनी जास्त होतो, आवाज बसतो, आणि आवाज बसला म्हणून मालक तो आणखी वाढवतो. शेवटी गोंद सुटतो किंवा तार जळते.

आता नदीकाठ. बंद गाडीत खर्जाला केबिनची फुकट मदत असते, कारण साधारण 60-70 हर्ट्झच्या खाली लाट केबिनपेक्षा कितीतरी लांब असते आणि आतला दाबच वाढतो. दारं उघडली की ती मदत बरीचशी जाते, बेस पातळ वाटतो आणि हात बेस बूस्टकडे जातो. 12 डेसिबल बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात 16 पट शक्ती! शिवाय मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. 1 मीटरवरचा आवाज 8 मीटरवर तसाच हवा असेल तर 60 पटींहून जास्त वॅट लागतील, जे सर्वसाधारण गाडीत नसतात. तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिन चालू असताना अॅम्पला 14.4 व्होल्टच्या आसपास मिळतात, बंद असताना 12.4 किंवा त्याहून कमी. ज्या अॅम्पचा आतला पुरवठा नियंत्रित नसतो, त्याची शक्ती यामुळे चौथ्या हिश्श्याने घटते. घरी न कापली जाणारी लाट इथे कापली जाते.

कमी वॅटचा अॅम्पच स्पीकर मारतो, असं जाणकार म्हणवणारेही सांगतात. पण 20 वॅटचा अॅम्प पूर्ण क्लिप झाला तरी 40 वॅटच देणार, आणि 75 वॅट पेलणारा वूफर त्याने जळत नाही. धोका असतो नाजूक ट्वीटरला, कारण बेस अडला तरी वरचे स्वर वाढतच राहतात. दुसरा समज असा, की आवाज फाटला की कान सांगतोच. वरच्या सुरांत सांगतो, पण सबवूफरच्या खर्जात थोडी विकृती सहज लपते, आणि उघड्यावर, गोंगाटात तर हमखास.

म्हणून मोजावं. इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट बंद, स्पीकरच्या तारा काढलेल्या, डेकचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर. सबवूफरसाठी 50 हर्ट्झचा टेस्ट टोन लावून अॅम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट पाहायचे. अॅम्प आणि स्पीकर यांपैकी ज्याचे आरएमएस (सलग देता-पेलता येणारे) वॅट कमी, ते ओहमने गुणून वर्गमूळ काढायचं: 75 वॅट, 4 ओहम, 17.3 व्होल्ट. तिथे गेन थांबवायचा. दारातल्या स्पीकरला 1000 हर्ट्झ लावतात, पण स्वस्त मीटर तिथे कमी आकडा दाखवू शकतो आणि गेन नको तितका वर जातो. सपाट माथा तर मीटरला दिसतच नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. इंजिन चालू ठेवून मोजा, असा प्रघात आहे. काठावर इंजिन बंद ठेवून गाणी लावणाऱ्यांनी मात्र बॅटरीवरच मोजावं, आणि अॅम्पचा पुरवठा नियंत्रित नसेल तर त्याचे वॅट चौथ्या हिश्श्याने कमी धरावेत. घरी त्याने आवाज कमी होईल हे खरं, पण फरक जेमतेम 1.3 डेसिबलचा, कानाला सहसा न जाणवण्याइतका.

एवढं करूनही आवाज कमी वाटला तर उत्तर गेनमध्ये नाही, स्पीकरच्या संवेदनशीलतेत, म्हणजे तेवढ्याच वॅटला तो किती आवाज देतो यात, आहे. 86 डेसिबलच्या जागी 92 डेसिबलचा स्पीकर बसवला तर त्याच वॅटमध्ये, अॅम्प चौपट केल्याइतका आवाज मिळतो.