बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला, हे त्यांना जाणवले सुमारे आठ वर्षांनी. एवढ्या मोठ्या विदुषीची ही कबुली मला फार मोलाची वाटते. उपासनाविधींना, मतांना होकार देणे वेगळे. आपले पाप, आपली असहायता घेऊन ख्रिस्तावर विसंबणे वेगळे. देवाशी वैयक्तिक नाते म्हणतात ते हे. ते रोजच्या प्रार्थनेने आणि शास्त्रवाचनाने जोपासावे लागते, आणि ते स्वतःपुरते राहत नाही. पुणे जिल्ह्यातल्या केडगावी रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या मुलींना, विधवांना आसरा दिला. साध्या बायकांनाही समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.