जुन्या मोटारीतील विजेचा दोष कोठे शोधावा

जुन्या मोटारीत विजेचा बिघाड अचानक उद्भवल्यासारखा वाटतो. परंतु त्यामागील दोष बहुधा कित्येक महिने वाढत आलेला असतो. तांब्याच्या तारेवर चढणारा हिरवा गंज, बॅटरीच्या टर्मिनलवर साचणारी पांढरट भुकटी आणि इंजिनाच्या उष्णतेने तडकलेले तारेचे आवरण यांमुळे विद्युतमार्गातील रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, हळूहळू वाढत जातो आणि तो मर्यादेपलीकडे गेला की गाडी सेल्फ घेईनाशी होते. मुंबईत आणि कोकणपट्टीत खाऱ्या, दमट हवेमुळे हा ऱ्हास अधिक वेगाने होतो.

अशा वेळी प्रथम बॅटरीवर संशय घेतला जातो आणि तो तपासणेही सोपे असते. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट, अँपिअर आणि रोध मोजणाऱ्या उपकरणाने, पाहिले असता १२ व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, तर १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी आकडा आल्यास ती जवळजवळ उतरलेली आहे असे समजावे. स्टार्टर फिरत असताना हा आकडा साडेनऊच्या बराच खाली घसरला, तर भारित असूनही बॅटरी निकामी होत आलेली असते.

बॅटरी चांगली ठरूनही सेल्फ लागत नसेल, तर खरा शोध येथून सुरू होतो. मारुती ८०० सारख्या गाडीत बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेला प्रवाह तारेने उपकरणापर्यंत जातो. परतीसाठी मात्र बहुतेक ठिकाणी स्वतंत्र तार नसते, तर इंजिन आणि गाडीचा पत्रा यांतूनच तो ऋण टोकाकडे येतो, आणि या परतीच्या जोडणीला अर्थिंग म्हणतात. पत्र्याला बोल्टने आवळलेली अर्थिंगची पट्टी गंजली की प्रवाहाची परतीची वाटच अडते. हा दोष साध्या टेस्ट लॅम्पने सापडत नाही, कारण अनेक पदरी तारेचे दोन-चार पदर शाबूत असले तरी लहान दिवा व्यवस्थित लागतो. स्टार्टरला मात्र शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. १५० अँपिअरच्या मार्गात ओहमच्या केवळ शंभराव्या भागाइतका रोध आला तरी दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. म्हणून मोजणी प्रवाह वाहत असतानाच करावी लागते: गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवावी व दुसऱ्या व्यक्तीने सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आल्यास दोष अर्थिंगमध्ये आहे. हीच चाचणी बॅटरीचे धन टोक आणि स्टार्टरचा मुख्य टर्मिनल यांच्या दरम्यान घेतली की दुसरी बाजूही स्पष्ट होते. गॅरेजमध्ये सर्वांत कमी वेळा केली जाणारी आणि सर्वांत अधिक खर्च वाचवणारी चाचणी हीच म्हणावी लागेल.

ब्रेक दाबताच मागचा इंडिकेटर मंद पेटणे हेही बहुधा अर्थिंगचेच लक्षण असते. परतीची नेहमीची वाट बंद झाल्याने प्रवाह शेजारच्या दिव्यातून मार्ग काढतो.

गाडी चालू असताना बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटर करतो आणि तेव्हा बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी आकडा सैल पट्टा, झिजलेले ब्रश किंवा बिघडलेला रेग्युलेटर यांकडे बोट दाखवतो. अल्टरनेटर पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची तार काढण्याची पद्धत अद्याप अनेक ठिकाणी दिसते, ती मात्र घातक आहे. तसे केल्याने व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरमधील डायोड आणि इंजेक्शनच्या गाड्यांतील संगणक जळू शकतो.

फ्यूज वारंवार उडत असल्यास अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार बसवणे म्हणजे वायरिंगला आग लागण्यास वाट करून देणे होय. रात्रभरात बॅटरी उतरत असेल, तर सर्व दारे आणि दिवे बंद करून ऋण तारेत मीटर ओळीने जोडावा व एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजनंतर प्रवाह घटतो, त्याच शाखेत गळती असते. सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सहसा चिंताजनक मानत नाहीत. एक अँपिअरची गळती मात्र ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दीड दिवसात रिकामी करते.

जुन्या गाडीच्या मालकांनी नवी बॅटरी किंवा अल्टरनेटर घेण्यापूर्वी बॅटरीचे विश्रांतीतील, सेल्फ मारतानाचे आणि इंजिन चालू असतानाचे व्होल्ट तसेच अर्थिंगमधील घट, हे चार आकडे मेकॅनिककडून आपल्यासमोर मोजून घ्यावेत आणि ते मिळाल्याशिवाय कोणताही भाग बदलण्यास संमती देऊ नये.