मणक्यावरचा डाग किती गडद?

मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा जवळपास दहावा हिस्सा दर वर्षी मोडून नव्यानं बांधला जातो. ही डागडुजी चालू असताना पाहायची सोय आहे. एमडीपी नावाचं औषध शिरेतून दिलं की जिथं हाडाचं बांधकाम जोरात चालू आहे, तिथं ते जास्त चिकटतं. त्याला टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेलं असलं, की त्या जागेतून गॅमा किरण निघू लागतात. दोन-चार तासांनी गॅमा कॅमेऱ्याखाली झोपलेल्या माणसाचा सांगाडा पडद्यावर उमटतो, कुठं फिका, कुठं गडद. हाच बोन स्कॅन.

आता समजा, कंबरेच्या एका मणक्यावर गडद डाग दिसला. तो प्रोस्टेट किंवा स्तनाच्या कॅन्सरचा असू शकतो, क्षयाचा असू शकतो, नाहीतर उतारवयातल्या नुसत्या झिजेचाही. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात इतक्या वेळा का उतरतो, याचं एक कारण ऑस्कर बॅट्सन यांनी १९४० मध्ये दाखवलं. मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. खोकताना-कुंथताना तिथलं रक्त उलटंही वाहतं, आणि त्याबरोबर कॅन्सरच्या पेशी मणक्यात पोचू शकतात.

डाग ‘गडद’ आहे, एवढ्यानं भागत नाही. किती गडद? इथं खरी गंमत सुरू होते. १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे हे किरण शरीरातले सुमारे साडेचार सेंटिमीटर मांस ओलांडेपर्यंत निम्मे उरतात. म्हणजे खोलवरचा मणका कॅमेऱ्याला आहे त्यापेक्षा फिका दिसणार. स्पेक्ट-सीटी यंत्रात कॅमेरा भोवती फिरून त्रिमित चित्र घेतो, सीटी स्कॅन वाटेतल्या मांस-हाडाचा नकाशा देतो आणि संगणक वाटेत हरवलेले किरण हिशेबात परत धरतो. मग येतो एसयूव्ही हा आकडा. दिलेलं औषध सगळ्या शरीरात सारखं पसरलं असतं तर तो सगळीकडे १ आला असता. निरोगी मणक्यातही तो त्याहून बराच वर असतो, कारण हाड हे औषध ओढूनच घेतं. पेटलेल्या जागी आणखी वर चढतो.

या हिशेबात घड्याळही आलं. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तास. मग ते लांबच्या रुग्णालयापर्यंत पोचवायचं कसं? मुंबईहून रात्री निघालेल्या अमरावती एक्स्प्रेसला ११ तास लागतात असं धरू आणि मनातल्या मनात तीन द्रव्यं तिच्यात चढवू. पेट स्कॅनमध्ये हाडासाठी वापरतात ते फ्लोरीन-१८, अर्धायुष्य ११० मिनिटं: अमरावतीला पोचेपर्यंत जेमतेम दीड टक्का शिल्लक. टेक्नेशियम: २८ टक्के. मॉलिब्डेनम-९९, अर्धायुष्य ६६ तास: ८९ टक्के. आणि हेच मॉलिब्डेनम क्षय पावत टेक्नेशियमला जन्म देतं! म्हणून रुग्णालयाकडे मॉलिब्डेनम भरलेला जनरेटर पाठवतात. त्यातून सलाइनच्या पाण्यानं ताजं टेक्नेशियम रोज काढून घेता येतं; या खात्यातली माणसं त्याला ‘दूध काढणं’च म्हणतात. वाशीची ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था असे जनरेटर पुरवते. मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर तर १९६३ पासून अणुवैद्यकाचं काम करतं आहे.

सुई टोचल्याची वेळ, रुग्णाचं वजन, सिरिंजमध्ये उरलेला अंश, यातलं एक जरी चुकलं तरी एसयूव्ही चुकतो. डाग फार छोटा असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो. झीज आणि कॅन्सर यांचे आकडे एकमेकांच्या हद्दीत शिरतात. मायलोमा या मज्जेतल्या कॅन्सरमध्ये हाड पोखरलं जातं, पण नवं बांधकाम फारसं होत नाही. तिथं स्कॅन गप्पच राहू शकतो. उलट उपचार लागू पडल्यावर हाड भरून येतानाही डाग काही काळ गडद होतो. म्हणून निदान एकट्या आकड्यावर होत नाही. सीटीतला मणक्याचा आकार, रक्ताच्या तपासण्या, कधी हाडाचा तुकडा, सगळं जोडून पाहावं लागतं.

तरीही आकड्याचं मोल मोठं आहे. अकोल्याच्या एखाद्या रुग्णाचा पहिला स्कॅन नागपूरला झाला आणि सहा महिन्यांनी दुसरा मुंबईला, तर नुसत्या दोन चित्रांवरून ‘वाढलं की उतरलं’ हे ठरवणं कठीण. पण दोन्हीकडचे कॅमेरे माहीत असलेल्या प्रमाणाशी ताडून घेतलेले असतील आणि स्कॅन सारख्याच रीतीनं केलेले असतील, तर त्याच मणक्याचे दोन आकडे शेजारी ठेवता येतात.