घरच्या बंबाचा फायरमन कोण?

पाऊसकाळ सरतो, साखर कारखान्यांचे भोंगे वाजू लागतात आणि त्याच सुमारास नगर जिल्ह्यात पहाटेचा गारठा सुरू होतो. राहुरी, नेवासा, श्रीरामपूरकडे उसाच्या गाड्या धावू लागतात. अकोल्याच्या डोंगराकडे तर गार पाण्यात हात घालवत नाही. मग कुठे माळ्यावरचा, कुठे परसातला बंब घासूनपुसून बाहेर निघतो. कारखान्यातला बॉयलर आणि आपल्या दारचा बंब एकाच हंगामात पेटतात.

या दोघांचे काम सारखेच आहे. आत विस्तव आणि बाजूला पाणी. पण त्यांची काळजी मात्र सारखी घेतली जात नाही. लोणीजवळ प्रवरानगरला 1950-51 च्या हंगामात पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तिथपासून आजवर जिल्ह्यात जे जे कारखाने उभे राहिले, त्यांच्या बॉयलरवर कायद्याची नजर आहे. त्यासाठी 1923 चा कायदा होता, आता त्या जागी 2025 चा नवा कायदा आला आहे. बॉयलरची सरकारी तपासणी होते. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते, जादा वाफ सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व असतो आणि परीक्षा पास झालेला माणूस तिथे उभा असतो.

घरच्या बंबाला यातले काही नाही. तिथे असते आपली आई, सून, नाहीतर शाळेची घाई झालेली मुलगी. म्हणून माता-भगिनींनो आणि बंधूंनो, या घरच्या बॉयलरचे चार नियम आपणच समजून घेतले पाहिजेत.

पाणी आधी, विस्तव मागाहून

बंबाच्या मध्ये एक नळी असते. तिच्यात वरून सरपण टाकतात. खाली जाळी असते, जाळीखाली राख पडते आणि तिथूनच हवा आत शिरते. नळीच्या भोवती पाणी असते. हे पाणीच धातूला सांभाळते. पाणी नसेल तर तांबे बेसुमार तापते, सांध्याचा डाख सुटतो आणि बंब गळू लागतो.

यासाठी बंब गळ्यापर्यंत भरल्याशिवाय काडी ओढायची नाही. गरम पाणी काढले की तेवढे गार पाणी लगेच नरसाळ्यातून घालावे. चुकून बंब कोरडा तापलाच, तर त्यात गार पाणी ओतू नये. त्याची क्षणात वाफ होते आणि नरसाळ्यातून उसळून ती थेट तोंडावर येते. अशा वेळी विस्तव विझू द्यावा, बंब पूर्ण निवू द्यावा आणि मगच पाणी भरावे.

नरसाळ्याचे भोक किंवा वाफ जाण्याची वाट बोळा कोंबून कधी बंद करू नये. पाणी लवकर उकळावे म्हणून काहीजण असे करतात. पण वाफेला वाट मिळाली नाही तर साधा बंबही फुटू शकतो.

जागा कोणती?

बंब उघड्यावर, सपाट फरशीवर किंवा दगडावर ठेवावा. पाचटाची गंजी, कडबा, तुराट्यांचा ढीग, वाळत घातलेले कपडे आणि मोटारसायकल यांपासून तो चांगला दहा पावले लांब असावा. वाऱ्याची दिशा पाहून ठेवावा, म्हणजे ठिणग्या घराकडे येणार नाहीत.

थंडी किंवा पाऊस आहे म्हणून पेटता बंब न्हाणीघरात घेऊन दार लावणे हा तर जिवाशी खेळ आहे. अर्धवट जळणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. असे कोणाला झाले तर त्याला तात्काळ उघड्या हवेत आणावे आणि दवाखान्यात न्यावे.

भडका का उडतो?

बंबाचा भडका बहुधा दोन कारणांनी उडतो.

पहिले कारण म्हणजे वरून ओतलेले तेल. विस्तव धुमसतो आहे, पेट घेत नाही, म्हणून कोणी रॉकेल ओततो. रॉकेल मिळेनासे झाल्यावर आता गाडीतले पेट्रोल, डिझेल नाहीतर रंगाचे थिनर ओतणारेही आहेत. तापलेल्या नळीत रॉकेल पडले की त्याची लगेच वाफ होते आणि त्या वाफेचा भडका उडतो. पेट्रोलला तर तापायचीही गरज नाही. कडक थंडीतही त्याची वाफ होत असते आणि विस्तव लांब असला तरी ती पेट घेते. ज्वाळा धारेवरून चढत हातातल्या बाटलीपर्यंत येते. म्हणून पेटवताना काय आणि पेटवल्यावर काय, बंबात पातळ इंधन टाकायचेच नाही. वाळलेली चिपाडे, कागद, नारळाची करवंटी, बारीक ढलप्या यांवर बंब उत्तम पेटतो.

दुसरे कारण फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. नळी ओल्या बाभळीने किंवा पाचटाने गच्च भरली, वर झाकण टाकले आणि राखेने खालची जाळी तुंबली, की विस्तवाला हवा पुरत नाही. तो विझत नाही, नुसता धुमसतो. आत दाट धूर कोंडतो. हा धूर म्हणजे न जळालेले इंधनच असते. अशा वेळी कोणी झाकण उचलून आत डोकावतो. हवा भसकन आत जाते, कोंडलेला धूर एकदम पेटतो आणि ज्वाळा थेट चेहऱ्यावर येते. भुवया, पापण्या, पुढचे केस जळतात ते असे.

उपाय सोपा आहे. सरपण वाळलेले असावे आणि थोडे थोडे टाकावे. पेटवण्याआधी रोज राख काढावी. आठवड्यातून एकदा, बंब गार असताना, नळीतली काजळी खरवडावी, कारण काजळीही पेट घेते. झाकण उचलताना चिमटा वापरावा, हात लांब ठेवावा, तोंड बाजूला करावे आणि झाकण हळूहळू सरकवावे. नळीवर वाकून फुंकर मारू नये.

प्लॅस्टिक, टायर, रंगवलेले लाकूड, बंद डबे, स्प्रेचे रिकामे डबे आणि बॅटरीचे सेल बंबात टाकू नयेत. काहींचा धूर विषारी असतो, तर काही फटकन फुटतात.

भडका उडालाच तर

आधी दोन पावले मागे या आणि मुलांना लांब न्या. नळीत पाणी ओतू नका. पाण्याची वाफ होऊन निखारे आणि राख उसळते. राखेची बाजू लांब काठीने किंवा पत्र्याने झाका. खालची हवा तुटली की ज्वाळा बसू लागते. मग आतले सरपण आपोआप जळून जाऊ द्या. तोवर वरून डोकावू नका.

जमिनीवर सांडलेले रॉकेल किंवा पेट्रोल पेटले असेल, तर त्यावरही पाणी मारू नका. तेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. माती किंवा वाळू टाका. म्हणून बंबाजवळ वाळूची एक पाटी आणि पाण्याची एक बादली कायम भरलेली असावी. आग गंजीला किंवा छपराला लागली तर सामान काढत बसू नका. माणसे बाहेर काढा आणि 101 वर अग्निशमन दलाला कळवा.

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नका. धावल्याने वारा लागून आग वाढते. जागेवर आडवे व्हा, तोंड हातांनी झाका आणि लोळा. दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून आग दाबावी. नायलॉनचे कापड वापरू नये, ते वितळून कातडीला चिकटते. बंबाजवळ काम करताना पदर खोचलेला, ओढणी बांधलेली आणि वेणी मागे असावी.

भाजल्यावर पहिली वीस मिनिटे

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. बर्फ नको. नळाला पाणी नसेल तर तांब्याने हळूहळू धार धरावी. पाण्याची टंचाई असली तरी या वेळी हात आखडू नये. बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढावीत, कारण मागाहून सूज येते. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल, कोंबडीचे अंडे यांतले काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने जागा झाकावी. चेहरा, हात किंवा गुप्तांग भाजले असेल, जखम मोठी असेल किंवा भाजलेले लहान मूल असेल, तर 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

बंबाच्या भडक्याइतकेच त्याचे पाणीही धोक्याचे आहे. साठ अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत खोल भाजते आणि लहान मुलांची कातडी तर त्याहून नाजूक असते. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग कढत पाणी मिसळावे आणि कोपर बुडवून पाहावे.

काम झाल्यावर निखारे उकिरड्यावर फेकू नयेत. राखेखालचा विस्तव दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. लोखंडी घमेल्यात राख काढून, पाणी शिंपडून ती बाजूला ठेवावी. ऊसतोडीला गेलेल्या आणि पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष सांभाळावे. तिथे चूल आणि कोपी यांत अंतर हवे आणि रात्री चूल पाण्याने विझवूनच निजावे.

शेवटी एक गोष्ट घरातल्या पुरुषमंडळींसाठी. कारखान्यात बॉयलर पेटता असताना फायरमन जागा सोडत नाही. घरी मात्र एकटी बाई स्वयंपाक, डबे आणि मुलांची आंघोळ उरकत मध्येच धावत येऊन बंबात लाकूड टाकते. अपघात या घाईतून घडू शकतात. तेव्हा घरात रोज एकाने बंबाची जबाबदारी घ्यावी. सरपण फोडणे, राख काढणे, पाणी भरणे आणि विस्तव विझेपर्यंत तिथे थांबणे हे सगळे त्याचेच काम. तो माणूस बाईच असला पाहिजे असे कोणत्याही बंबावर लिहिलेले नसते.